घर विकून मोटरहोममधे राहायचं आणि लोकांची घरं दुरुस्त करायची? आधी काम ठरवा, गाडी नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतलं एक मराठी जोडपं, दोघंही साठीच्या पुढे, पुढच्या वर्षी रिटायर होतंय, मुलं मार्गी लागली आहेत, घर विकून मोटरहोम घ्यायचं आणि अमेरिकाभर फिरत घरदुरुस्तीच्या स्वयंसेवी कामांना जायचं असं मनात आहे. पण आयुष्यभर कॉम्प्युटरवर काम केलंय, हातोडा क्वचितच धरलाय, या संस्था बऱ्याचशा चर्चच्या असतात तिथे आपल्याला चालेल का, गाडी कुठली घ्यावी, मेडिकलचं काय, आणि दरवर्षी दोन-तीन महिने पुण्याला आईकडे जातो तेव्हा गाडीचं काय करायचं.

मी आणि माझा नवरा बरीच वर्षं हेच करतोय. तो इलेक्ट्रिकल इंजिनियर होता, मी बँकेत होते, म्हणजे सुतारकामाशी दोघांचाही काही संबंध नव्हता. तेव्हा उत्तर हो असंच आहे, नक्की करा, फक्त क्रम बदला. बहुतेक जण सगळ्यात आधी गाड्यांच्या शोरूममधे जातात आणि चाळीस फुटी गाडीच्या प्रेमात पडतात, मग काम शोधायला लागतात, आणि मग कळतं की जिथे काम आहे तिथे ती गाडी वळतच नाही. आधी कुठलं काम करायचं, कुणाबरोबर, वर्षातले किती महिने हे ठरलं की गाडी किती मोठी लागेल ते आपोआप ठरतं.

कामाचे मुख्य दोन-तीन रस्ते आहेत. पहिला हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी, १९७६ साली जॉर्जियातल्या अमेरिकस या छोट्या गावात मिलर्ड आणि लिंडा फुलर या नवराबायकोने सुरू केलेली संस्था, माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांची बायको रोझलिन १९८४ पासून तिच्या कामावर जायला लागले म्हणून जगभर माहीत झाली. त्यांचा आरव्ही (म्हणजे राहायची गाडी) केअर-अ-व्हॅनर्स नावाचा कार्यक्रम खास आपल्यासारख्या गाडीत राहणाऱ्यांसाठी आहे. एका ठिकाणी साधारण दोन आठवडे काम असतं, गाडी लावायला जागा आणि पाण्या-विजेची सोय तिथली स्थानिक शाखा फुकट किंवा अगदी कमी पैशात करून देते. इथे नवी घरं बांधणं जास्त असतं, पण हल्ली जुन्या घरांची दुरुस्ती पण बऱ्याच शाखा करतात. दुसरा नोमॅड्स, युनायटेड मेथडिस्ट चर्चशी जोडलेली संस्था, १९८८ पासूनची. त्यांची कामं साधारण तीन आठवड्यांची, आठवड्यातले चार दिवस, दिवसाला सहा तास, गुरुवार संध्याकाळ ते रविवार तुमचा. यात दुरुस्ती भरपूर, म्हाताऱ्या माणसांची घरं, मुलांची वसतिगृहं, शिबिरांच्या जागा, वादळात बुडालेल्या वस्त्या. तिसरा मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस, १९५० पासून पूर आणि वादळानंतर घरं उभी करणारे, यांचं काम जास्त कष्टाचं आणि शिस्तीचं, पण शिकायला याच्यासारखी जागा नाही.

पगार कुठेच नाही हे लक्षात असू द्या. वर्कॅम्पिंग म्हणून जे असतं, म्हणजे कॅम्पग्राउंडवर काम करून जागा आणि थोडे पैसे मिळवायचे, ते वेगळं, त्याची आणि याची सरमिसळ करू नका.

चर्चचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलंत, कारण आपली बरीच माणसं इथेच अडतात आणि विचारत नाहीत. हॅबिटॅट ख्रिश्चन संस्था असली तरी तुमचा धर्म कुणी विचारत नाही, कामाआधी एखादी छोटी प्रार्थना होते तेवढंच. नोमॅड्सचा दिवस सकाळच्या प्रार्थनेने सुरू होतो आणि ती ग्रुपमधले लोक आळीपाळीने घेतात. आम्ही पहिल्या फोनवरच टीम लीडरला सांगतो की आम्ही हिंदू आहोत, शाकाहारी आहोत, प्रार्थनेला मनापासून बसू. माझी पाळी आली की मी आपली मराठी प्रार्थना म्हणते आणि तिचा अर्थ इंग्रजीत सांगते, लोक शांतपणे ऐकतात आणि नंतर प्रश्न विचारतात. काही छोट्या संस्था मात्र श्रद्धेच्या पत्रकावर सही मागतात, तिथे आपण जाऊ नये. खोटी सही करून सेवा करण्यात अर्थ नाही आणि दुसरीकडे कामाला तोटा नाही. आणि काम ज्यांच्या घरी चाललंय त्यांना कुणी धर्म विचारत असेल तर त्या जागी पण जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता हातोड्याचं. तुम्हाला येत नाही याची काळजी करू नका, पण काय काम असतं ते नीट समजून घ्या कारण तुमच्या मनात जे चित्र असतं त्यापेक्षा ते वेगळं असतं.

सगळ्यात जास्त मागणी व्हीलचेअर रॅम्पची. नियम एकाला बाराचा, म्हणजे दरवाजा जमिनीपासून एक इंच वर असेल तर बारा इंच रॅम्प. मोबाइल होमचा, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर ओढत आणलेल्या घराचा, दरवाजा सहज तीस इंच उंच असतो, म्हणजे तीस फूट लांब रॅम्प झाला, आणि तीस इंच चढ झाला की मधे सपाट जागा द्यावीच लागते, पाच फुटांची, म्हणजे मग अंगणात तो वळवून कसा बसवायचा हाच अर्धा दिवसाचा विचार. रुंदी आत मोकळी तीन फूट तरी हवी, कठडा ३४ ते ३८ इंचांवर. लाकूड ट्रीटेड असतं, त्यात तांब्याचं औषध असतं, त्याच्यात साधे स्क्रू वापरले तर ते काही वर्षांत खाल्ले जातात, म्हणून कोटिंगवाले किंवा गॅल्व्हनाइज्डच. हे सगळं पहिल्या दिवशी लीडर सांगतोच, तुम्हाला मोजायचं, कापायला माप द्यायचं आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरने स्क्रू मारायचे. सहा-आठ माणसांत दोन-तीन दिवसांत रॅम्प उभा राहतो. जो माणूस महिनोन्‌महिने घराबाहेर पडला नव्हता तो त्याच संध्याकाळी स्वतः खुर्ची ढकलत पोस्टाच्या पेटीपर्यंत जातो. पहिलं काम निवडायचं असेल तर रॅम्पचं निवडा.

दुसरं मोठं काम मोबाइल होमच्या आतल्या जमिनी, म्हणजे फ्लोअर. दक्षिणेकडे आणि अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ भागात गरीब म्हातारी माणसं जुन्या मोबाइल होममधे राहतात, त्यातली काही १९७६ च्या आधीची, म्हणजे सरकारी बांधकामाचे नियम येण्याआधीची. यांच्या जमिनीखाली पार्टिकल बोर्ड असतो, पाणी लागलं की तो फुगतो आणि भुगा होतो. बाथरूमच्या दारात, वॉशिंग मशीनच्या खाली, खिडकीखाली पाय दाबून बघायचं, तिथेच गेलेला असतो. तेवढा कापून काढायचा, खालचे जॉइस्ट, म्हणजे आडव्या तुळया, बघायच्या, ओला इन्सुलेशन काढायचा, आणि तीन चतुर्थांश इंची प्लायवुड टाकायचं. पण पाणी कुठून येतंय हे शोधल्याशिवाय नवीन प्लायवुड टाकलं तर ते सगळे कष्ट दोन वर्षांत वाया जाणार. माझ्या मते दुरुस्ती शिकायची म्हणजे मुळात पाण्याचा रस्ता शोधायला शिकायचं. छतावरून येतंय, नळाच्या जोडातून येतंय, का खालच्या मातीतून ओल चढतेय.

पुरानंतरचं काम वेगळं. २०१७ ला हार्वे वादळ, २०२२ ला इयन, २०२४ ला हेलीननंतर वेस्टर्न नॉर्थ कॅरोलिना. असं काही झालं की पहिल्या लाटेत तरुण लोक येतात, चिखल उपसतात, भिंती फोडतात, आणि दोन महिन्यांनी निघून जातात. खरी घरं उभी करायचं काम पुढे दोन, तीन, कधी पाच वर्षं चालतं आणि तिथे आपल्यासारख्या रिटायर लोकांची गरज असते कारण आपल्याकडे वेळ आहे. भिंत जमिनीपासून चार फुटांवर कापलेली असते, कारण ड्रायवॉलची, म्हणजे भिंतीला लावायच्या जिप्सम बोर्डाची, शीट चार फूट रुंद असते, आडवी लावली की बरोबर बसते. पण घाई करायची नाही, लाकडातली ओल मीटरने मोजायची, साधारण १५ टक्क्यांच्या खाली आली की मगच भिंत बंद करायची. घरमालक रडकुंडीला आलेला असतो, लवकर करा म्हणतो, तरी थांबायचं, नाहीतर आत बुरशी वाढते आणि त्या घरातल्या लहान मुलांना दमा लागतो. थांबायचं का ते त्याला बसून समजावून सांगायचं, मीटर त्याच्या हातात द्यायचा.

ड्रायवॉलची फिनिशिंग हे माझं काम, आणि बायकांना मी आग्रहाने सांगते की हे शिकाच. शीट उचलणं जड असतं, अर्धा इंची एक शीट पन्नास पौंडांच्या आसपास, ते दोघांनी करायचं. पण नंतरचं काम हाताच्या नजाकतीचं आहे. मड, म्हणजे जोड भरायचा लगदा, श्रीखंडाहून किंचित सैल हवा. पहिल्या हाताला जोडावर मड, त्यात टेप दाबून बसवायचा सहा इंची नाइफने, टेपखाली बुडबुडा राहू द्यायचा नाही. वाळू द्यायचं, बहुतेक दुसऱ्या दिवसापर्यंत. दुसरा हात दहा इंचीने, तिसरा बारा इंचीने, प्रत्येक वेळी कडा आणखी बाहेर पसरत न्यायच्या. शेवटी भिंतीला चिकटून तिरका टॉर्च मारायचा, जे उंचवटे सरळ उजेडात दिसत नाहीत ते सगळे दिसतात. सँडिंगला चांगला मास्क लावा, कापडाचा नाही. मी आजही कुठल्या घरात गेले की आधी छत आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा बघते. गरिबाचं घर आहे, फुकटचं काम आहे, म्हणून चालवून घ्या असं कुणी म्हणालं की मला सहन होत नाही. त्या बाईला रोज त्या भिंतीसमोर बसायचंय.

सुरक्षेचं थोडं. १९७८ च्या आधीच्या घरांत रंगात शिसं असू शकतं, तिथे कोरडं खरडायचं नाही आणि लीडरने त्याचं ट्रेनिंग घेतलेलं असायला हवं, विचारायला लाजू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांच्या आतलं हवं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लीडरला पहिल्याच दिवशी सांगा आणि शिडीवर चढू नका. मुळात आपल्या वयाला छताची कामं नकोतच, खाली उभं राहून शिंगल्स, म्हणजे छतावरच्या पट्ट्या, पोचवणारं माणूस पण लागतंच. वयाचा संकोच मात्र नको. जिमी कार्टर २०१९ मधे नॅशव्हिलला कामावर आले तेव्हा ९५ वर्षांचे होते, आदल्याच दिवशी घरी पडून डोळ्याच्या वर टाके पडलेले, तरी हातात ड्रिल.

आता गाडी. ही कामं होतात चर्चच्या मागच्या अंगणात, शाळेच्या मैदानावर, कधी गोदामाच्या बाजूला. तिथे बहुतेक ठिकाणी ३० अँपचं कनेक्शन मिळतं, म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॉट. एक एसी साधारण १५०० खातो, वर इन्स्टंट पॉट हजार आणि मायक्रोवेव्ह तेवढाच किंवा जास्त, की झालं, ब्रेकर पडला. ५० अँपवर १२,००० वॉट मिळतात, फार मोठा फरक आहे, पण ते सगळीकडे मिळेल हे धरून चालू नका. त्यामुळे दोन एसीवाली मोठी क्लास ए, म्हणजे बससारखी गाडी, घेऊन तिथे गेलात तर लुइझियानाच्या मे महिन्यात एकच एसी चालणार. माझा सल्ला २८ ते ३२ फूट, क्लास सी (पुढून व्हॅनसारखी दिसणारी) किंवा छोटी गॅसोलीन क्लास ए, मागे एक छोटी कार ओढत न्यायची कारण कामाची जागा आणि पार्किंग यात पाच-दहा मैल अंतर असतंच. फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकने ओढायचं राहतं घर, आणि पिकअप ट्रक घेतला तर अजून चांगलं, ट्रक लाकूड आणायला उपयोगी पडतो, पण तो जोडायला-सोडायला दोघांनाही यायला हवं. २६,००० पौंडांच्या वरच्या मोटरहोमला काही राज्यांत वेगळं लायसन्स लागतं.

जुनी गाडी घ्यायला हरकत नाही, दोन गोष्टी मात्र बघाच. छत, स्वतः वर चढता येत नसेल तर इन्स्पेक्टर लावा, कारण आरव्हीचं सगळं दुखणं छतातून गळणाऱ्या पाण्यात असतं. आणि टायर. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांच्या पुढे कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघायचे, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसली तरी सहा-सात वर्षांनी टायर बदलायचेच. गाडीची उंची, एसी धरून, डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. प्रोपेन टाकी असल्यामुळे बाल्टिमोरच्या बोगद्यांतून जाता येत नाही, न्यू जर्सीहून दक्षिणेला निघाल्यावर पहिल्यांदा हेच आडवं येईल, पूर्वेकडचा पूल २०२४ मधे पडला, म्हणून शहराच्या पश्चिमेकडून वळसा घालून जायचं. विजेच्या खांबाला जोडण्याआधी सर्ज प्रोटेक्टर लावायचाच, तात्पुरत्या वायरिंगचा भरवसा नाही.

विकत घेण्याआधी मात्र तीन आठवडे भाड्याने घ्या आणि तीच घेऊन एका कामावर जा. ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, रिकामी करणं, दोघांनी चाळीस चौरस फुटांत स्वैपाक आणि भांडी करणं, पावसाचे सलग चार दिवस आत काढणं, हे सगळं त्यात कळतं. स्वैपाकाचं म्हणाल तर कुकर, तवा, एक कढई, एक छोटा मिक्सर पुरतो. फोडणी देताना वरचा पंखा आधी लावा नाहीतर स्मोक अलार्म वाजतो. लसूण-मिरचीची फोडणी मी बाहेरच्या टेबलावर इंडक्शनवर देते, आणि शेजारच्या गाड्यांतली माणसं वाटी घेऊन येतात. आठवड्यातून एकदा सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, तिथे तुमची डाळ-भात आणि बटाट्याची भाजी सगळ्यात आधी संपेल.

पत्ता आणि पैसे. घर विकल्यावर कायदेशीर पत्ता कुठेतरी लागतो, टॅक्स, लायसन्स, गाडीची नोंदणी, बँक, भारताचं ओसीआय कार्ड सगळ्यालाच. पूर्णवेळ गाडीत राहणारे बहुतेक टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडतात, तिन्हीकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. टेक्ससमधे लिव्हिंग्स्टन गावात एस्केपीज नावाचा क्लब आहे, १९७८ पासूनचा, तो तुमची टपाल घेऊन जिथे असाल तिथे पाठवतो. मेडिकलबद्दल एकच सांगते, मेडिकेअर म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी विमा, त्याचा खाजगी कंपन्यांनी चालवलेला मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज हा प्रकार घेताना दहा वेळा विचार करा, त्यांचं डॉक्टरांचं नेटवर्क बहुधा एका भागापुरतं असतं. ओरिजिनल, म्हणजे थेट सरकारी, मेडिकेअर आणि वर मेडिगॅप हा जोड विमा घेतला तर देशात कुठेही मेडिकेअर घेणाऱ्या डॉक्टरकडे जाता येतं. पासष्ट पूर्ण झाल्यावर पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सुरू झाला की पहिले सहा महिने मेडिगॅप तब्येत न विचारता मिळतं, ती वेळ घालवू नका. भारतात मात्र यातलं बहुतेक काहीच चालत नाही, पुण्याला जाताना ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा. टॅक्समधे तुमच्या कष्टाची किंमत वजा होत नाही, पण आयटमाइज, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट, करत असाल तर सेवेच्या कामासाठी गाडी चालवल्याचे मैलाला १४ सेंट दाखवता येतात, वही ठेवा.

दोघांच्या राहण्याबद्दल पण बोलायला हवं. कामावर शक्यतो वेगवेगळ्या टीममधे राहा. चोवीस तास तीनशे चौरस फुटांत एकत्र असताना दिवसाचे सहा तास वेगळ्या माणसांबरोबर गेले की संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. एकाला यायचं नसेल आणि दुसरा ओढून नेत असेल तर हे जमत नाही, मी चांगली जोडपी यात थकलेली बघितली आहेत. सलग कामं घेऊ नका, दोन कामांमधे दोन-तीन आठवडे रिकामे ठेवा, डॉक्टर, मुलं, गाडीची देखभाल यासाठी. मराठी माणसांची आठवण येते हे खरं, गणपतीत जास्त येते, आम्ही त्या दहा दिवसांत ह्यूस्टन, अटलांटा, शिकागो असं कुठल्यातरी मोठ्या शहराच्या जवळचं काम घेतो, तिथल्या महाराष्ट्र मंडळात जाऊन आरती करून येतो.

आणि घरमालकाशी कसं वागायचं. आपण त्यांच्या घरात जाऊन भिंती फोडत असतो, त्यांचा पसारा, त्यांची औषधं, सगळं बघत असतो. फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत, त्यांनी विचारून परवानगी दिली तरी चेहरा नको. रंग कुठला हवा ते त्यांनाच ठरवू द्यायचं, आपल्याला भडक वाटला तरी. त्यांनी कॉफी केली तर घ्यायची, कामाला उशीर होतो म्हणून नाही म्हणायचं नाही. केंटकीतल्या एका आजींनी आम्हाला रोज बीन्स आणि कॉर्नब्रेड करून घातलं, बीन्समधे डुकराचं मांस टाकतात हे माहीत होतं म्हणून त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी वेगळं पातेलं चढवलं. त्या घरात देणारे कोण आणि घेणारे कोण हे कुणालाच सांगता आलं नसतं.

सुरवात लगेच करता येईल. तुमच्या काउंटीतल्या हॅबिटॅटच्या शाखेत शनिवारी जायला लागा, घर विकायची गरज नाही, गाडीची पण नाही. पाच-सहा शनिवार झाले की हात बसतो आणि आवडतंय का तेही कळतं. त्यांच्या रीस्टोअर दुकानात वापरलेली हत्यारं स्वस्त मिळतात, टेप मेझर, स्पीड स्क्वेअर, चांगला हातोडा, ड्रायवॉल नाइफचा सेट आणि गुडघ्यांना बांधायची पॅड्स, सुरवातीला एवढं पुरे.

पुण्याला जाण्याबद्दल. हिवाळ्यात जाणार असाल तर गाडी गोठणाऱ्या भागात सोडायची असल्यास पाण्याच्या सगळ्या नळ्या रिकाम्या करून गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ भरायचं, वॉटर हीटरला बायपास करून, नाहीतर एका रात्रीत पाइप फुटतात. आम्ही गाडी दक्षिण टेक्ससमधे आच्छादलेल्या स्टोअरेजमधे ठेवतो, तिथे ही कटकट कमी. निघताना फ्रिज पुसून दार उघडं ठेवायचं, प्रोपेन बंद, बॅटरी डिसकनेक्ट, टायरना ऊन लागू नये म्हणून कव्हर, आणि खालून येणाऱ्या वायर-पाइपच्या भोकांत स्टील वूल भरायचं, उंदीर वायरिंग खातात. पीठ, तांदूळ, डाळी काहीही आत सोडायचं नाही, कुणातरी ओळखीच्याला देऊन टाकायचं. वर्षाच्या कामांचं वेळापत्रक संस्था बरंच आधी लावतात आणि चांगल्या जागा पटकन भरतात, म्हणून भारताची तिकिटं ते बघून काढा.

तुमच्या दोघांच्या तब्येतीबद्दल आणि तुम्हाला उन्हाळ्यात थंडीकडे जायला आवडेल का दक्षिणेत राहायला ते लिहा, म्हणजे पहिलं काम कुठलं घ्यावं ते सांगते.